‘सिंग, अनबरीड, सिंग’मध्ये भुतं हवीत कशाला?

पानगळ: जेस्मिन वॉर्डची ही २०१७ची कादंबरी एकदाची वाचून झाली. मिसिसिपीतलं गरीब कृष्णवर्णीय घर. आई लिओनी नशेच्या आहारी गेलेली, बाप मायकेल गोरा, पार्चमनच्या तुरुंगात. तो सुटणार म्हणून लिओनी १३ वर्षांच्या जोजोला आणि चिमुरड्या केलाला गाडीत घालून निघते. वाटेत केला ओकून ओकून अर्धी होते आणि आईला सोडून भावालाच बिलगते. एवढं जिवंत लिहिता येत असताना भुतं कशाला? लिओनीला नशेत मेलेला भाऊ गिव्हन दिसतो, ते एक वेळ चालेल. पण रिची नावाच्या पोराच्या भुताला गोष्ट सांगायला स्वतःची प्रकरणं? शिवाय जोजो, लिओनी, रिची या तिन्ही निवेदकांच्या तोंडी तीच काव्यमय भाषा!

रानजाई: भाषेचं मान्य, भुताचं अजिबात नाही. रिची १२ वर्षांचा, भावंडांसाठी मांस चोरलं म्हणून पार्चमनला गेलेला. तो काल्पनिक असला तरी पार्चमन खरं आहे. १९०१ साली सुरू झालेला सरकारी शेत-तुरुंग. कापसात राबणारे कैदी, आणि त्यांच्यावर बंदूक घेऊन पहारा करणारेही कैदीच! ही पद्धत मोडायला १९७२चा कोर्टाचा निकाल यावा लागला. आजोबा जोजोला तिथली रिचीची गोष्ट सांगतात, पण शेवटाशी आले की थांबतात. ज्याची गोष्ट आहे तोच शेवट ऐकायला आलाय.

पानगळ: अहो, पण शेवट विचारतो जोजोच. भूत नुसतं कान देऊन उभं.

उंबरठा: मला तर मुंजाच आठवला. तो पिंपळ सोडत नाही, हा तुरुंग.

रानजाई: मुंजाला सरकारने पाठवलेलं नसतं हो.

काळी_शाई: गिव्हनला ‘नशेतला भास’ म्हणून कसं सोडता? हरणाच्या शिकारीची पैज हरल्यावर मायकेलच्या चुलतभावाने त्याला गोळी घातली आणि वर ‘शिकारीतला अपघात’ म्हणून सारवासारव झाली. लिओनी त्याच घराण्यातल्या पोराशी संसार मांडते. तिच्यासमोर गिव्हन उभा राहणारच. आणि शेवटी तो मरणाच्या दारातल्या आजीलाही दिसतो. तिने कुठे नशा केली होती?

पानगळ: आजीचं पटलं, ते सुटलंच होतं माझ्याकडून. तरी पोलिसाचा प्रसंग बघा. गाडी अडवलेली, लिओनीने घाईघाईत पुडी गिळलेली. जोजो खिशात हात घालतो, आत आजोबांनी दिलेली ताईताची पुरचुंडी. पोलीस थेट पिस्तूल रोखतो. पोराला बेड्या! त्या क्षणी कुठलंही भूत माझ्या तरी लक्षात राहिलं नाही.

रानजाई: त्या पुरचुंडीलाही तुमच्या हिशेबाने अंधश्रद्धा म्हणून काट मारायची का?

पानगळ: ती राहू द्या. पण शेवटी भुतांनी लगडलेलं अख्खं झाड? रिची एकटा पुरेसा होता.

काळी_शाई: मग वॉर्डचीच ‘सॅल्व्हेज द बोन्स’ वाचा. कतरिना वादळ, तेच गाव, तीच गरिबी. भूत एकही नाही.