मदत हवी आहे: नर्सिंगच्या ओईटी परीक्षेतील पत्रलेखन आणि संभाषण यांचा सराव कसा करावा?

नमस्कार,

मी मिरजेतील एका खासगी रुग्णालयात अस्थिरोग विभागात स्टाफ नर्स म्हणून काम करते. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि पुढे बी.एस्सी. नर्सिंग केले. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी करायची, तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलची इंग्रजीची अट पूर्ण करावी लागते, आणि त्यासाठी मी ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट, म्हणजे ओईटी, निवडली आहे. कौन्सिलला श्रवण, वाचन आणि संभाषण या तीन विभागांत बी श्रेणी, म्हणजे ५०० पैकी किमान ३५० गुण, आणि लेखनात सी प्लस, म्हणजे किमान ३०० गुण लागतात. मला श्रवणात आणि वाचनात बी मिळाली आहे. संभाषणात ३३० आणि लेखनात २८० गुण आहेत. याच दोन विभागांच्या सरावाबद्दल मला अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

आयेल्ट्स ही इंग्रजीची दुसरी परीक्षा का देत नाही, असे कोणी विचारण्याआधी सांगते. कौन्सिल आयेल्ट्सची अ‍ॅकॅडेमिक परीक्षाही स्वीकारते, पण तिच्यात लेखनात ६.५ आणि बाकी तिन्ही विभागांत ७ बँड लागतात, आणि लेखनात आलेखाचे वर्णन व किमान २५० शब्दांचा निबंध असतो. शहरीकरण किंवा शिक्षणपद्धती यांवर तासाभरात मते मांडण्यापेक्षा रुग्णाबद्दल लिहिणे मला जवळचे वाटते. ओईटीत श्रवण आणि वाचन सर्व वैद्यकीय व्यवसायांना सारखेच असले, तरी लेखन आणि संभाषण हे आपापल्या व्यवसायाचे असते. त्यामुळे परीक्षा बदलण्याचा विचार नाही.

आता मुख्य अडचण, लेखनाची. ज्यांना ही परीक्षा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एका रुग्णाच्या नोंदी हातात मिळतात. पहिली पाच मिनिटे त्या फक्त वाचायच्या असतात, पेन हातात घ्यायचे नसते. पुढच्या चाळीस मिनिटांत त्यांवरून एक पत्र लिहायचे असते. बहुतेक वेळा ते रुग्णाला पुढे सांभाळणाऱ्या दुसऱ्या परिचारिकेला, डॉक्टरांना किंवा समाजसेवकाला असते. मजकूर साधारण १८० ते २०० शब्दांचा असावा, अशी सूचना असते. नोंदी मात्र त्याहून पुष्कळ जास्त असतात, त्यामुळे काय घ्यायचे आणि काय सोडायचे ही निवड हाच अर्धा पेपर होऊन बसतो. पत्र सहा निकषांवर तपासतात: पत्राचा हेतू, आशय, संक्षिप्तता व स्पष्टता, पत्राची शैली, मांडणी आणि भाषा. हेतूला ३ पैकी आणि बाकी प्रत्येक निकषाला ७ पैकी गुण असतात. म्हणजे व्याकरण आणि शब्दसंपत्ती यांचा थेट संबंध सहापैकी एकाच निकषाशी आहे, आणि तरीही सरावासाठी जे साहित्य हाती लागते त्यातले बहुतेक सगळे त्याच एका निकषावर बेतलेले आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे, माझी निवड चुकण्याचे कारण आपल्या वॉर्डातल्या सवयीत आहे. ड्यूटी बदलताना आपण ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला रुग्णांची माहिती, देतो ती बेडनुसार आणि काळाच्या क्रमाने: रुग्ण कधी आला, काय तक्रार होती, कोणते ऑपरेशन झाले, रात्री ताप किती होता, कोणते सलाईन चालू आहे, कोणते रिपोर्ट यायचे आहेत. ते योग्यच आहे, कारण ओव्हर घेणारी सिस्टर त्याच रुग्णाला, त्याच वॉर्डात, पुढच्या क्षणापासून सांभाळणार असते आणि तिला सगळेच लागते. ओईटीच्या पत्राचा वाचक बाहेरचा असतो. त्याने रुग्णाला पाहिलेले नसते, आणि रुग्ण ताब्यात आल्यावर आपण नेमके काय करायचे आहे, एवढेच त्याला हवे असते. ओव्हरच्या शिस्तीने पत्र लिहिले, तर विनंती शेवटच्या परिच्छेदात जाऊन पडते आणि हेतूच्या निकषात गुण जातात.

उदाहरण दिले तर माझा प्रश्न अधिक स्पष्ट होईल. सरावासाठी मी स्वतः काही नोंदी रचते. त्यांतला हा एक काल्पनिक रुग्ण. वय ७४, महिला, घरात घसरून पडल्यामुळे खुब्याचे हाड मोडले, अर्धा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली. उद्या घरी सोडणार असून पत्र त्या भागातील सामुदायिक परिचारिकेला लिहायचे आहे. नोंदी अशा: मधुमेह, मेटफॉर्मिन चालू, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी, १९८५ मध्ये अपेंडिक्सचे ऑपरेशन, शस्त्रक्रियेनंतर एक पिशवी रक्त दिले, आता हिमोग्लोबिन ९.८, लोहाच्या गोळ्या सुरू; दुसऱ्या रात्री थोडा गोंधळ आणि असंबद्ध बोलणे, सकाळपर्यंत पूर्ववत; जखम कोरडी, स्टेपल चौदाव्या दिवशी काढायचे; रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटात द्यायचे इंजेक्शन आणखी तीन आठवडे; वॉकर घेऊन खोलीपुरते चालतात, पण पुन्हा पडण्याची भीती वाटते म्हणून उठायला नकार देतात; एकट्या राहतात, घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही; मुलगा दुसऱ्या गावी असतो, शनिवार-रविवारी येतो; विणकामाची आवड.

यातले काही सहज ठरते. इंजेक्शन रोज कोणी द्यायचे हा या पत्राचा गाभा आहे, कारण बाई एकट्या राहतात आणि स्वतः टोचून घेण्याची त्यांची तयारी नाही. म्हणून पहिल्या परिच्छेदातच रोजचे इंजेक्शन, जखमेची देखभाल आणि चालण्यासाठी आधार या तीन गोष्टींची विनंती आली पाहिजे. अ‍ॅलर्जी आली पाहिजे. अपेंडिक्स गाळायचे, विणकामही गाळायचे. खरी अडचण मधल्या नोंदींची आहे. दुसऱ्या रात्रीचा गोंधळ पूर्ण ओसरला आहे. मग तो लिहायचा की नाही? मला वाटते की लिहावा, कारण एकट्या राहणाऱ्या वृद्ध व्यक्तीच्या बाबतीत तो पुन्हा झाला तर घरी येणाऱ्या परिचारिकेला संदर्भ हवा. पण एका मैत्रिणीचे म्हणणे असे की जी समस्या संपली ती वाचकाचा वेळ घेते आणि संक्षिप्ततेचे गुण खाते. रक्ताच्या पिशवीचेही तसेच. हिमोग्लोबिन आणि गोळ्या सांगितल्या, की रक्त दिल्याचा उल्लेख वेगळा हवा का? मुलाचा उल्लेख कुटुंबाची माहिती म्हणून करायचा, की थेट कामाशी जोडून, म्हणजे शनिवार-रविवारी तो घरी असतो, त्या दिवशी त्याला इंजेक्शन द्यायला शिकवता येईल, असा?

ज्यांना लेखनात बी किंवा सी प्लस मिळाले आहे त्यांनी या एका उदाहरणावर आपली निवड सांगितली, तरी मला फार मोठी मदत होईल. नुसते ‘महत्त्वाचे तेवढे लिहा’ असे सांगून उपयोग होत नाही, कारण वॉर्डात काम करणाऱ्या माणसाला प्रत्येक नोंद महत्त्वाची वाटते आणि तसे वाटणे हीच त्याची जबाबदारी असते.

दुसरा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. पत्र तपासून कोणाकडून घ्यावे? आमच्या भागात शिकवणी मिळते, पण तिथे सुरुवातीची आणि शेवटची ठरावीक वाक्ये पाठ करून घेण्यावर भर असतो, आणि मधला भाग तपासताना काळ व उपपदे सोडली तर फारसे काही सांगितले जात नाही. माझ्या निकालात लेखनाचा एकच आकडा आहे, सहा निकषांपैकी कुठे कमी पडले हे त्यावरून कळत नाही. ओईटीच्या अधिकृत संकेतस्थळावरचे नमुना पेपर मी सोडवले आहेत. नमुना उत्तर शेजारी ठेवून माझ्या पत्रातल्या कोणत्या नोंदी जास्त झाल्या आणि कोणत्या राहून गेल्या, याची खूण करण्याची पद्धत सध्या वापरते आहे. त्याने निवड थोडी सुधारली, पण वाक्ये वाचकाच्या दृष्टीने स्पष्ट झाली का, हे स्वतःचे स्वतःला ठरवता येत नाही. कोणी पैसे देऊन पत्रे तपासून घेतली असतील, तर तपासणाऱ्याचा अभिप्राय निकषांनुसार होता का, हे कृपया सांगावे. परीक्षेचे शुल्क माझ्या एका महिन्याच्या पगाराहून जास्त आहे, त्यामुळे पुन्हा फॉर्म भरण्याआधी तयारीची खात्री हवी.

संभाषणाबद्दल. या विभागात रुग्णाची किंवा नातेवाइकाची भूमिका करणाऱ्या व्यक्तीशी प्रत्येकी सुमारे पाच मिनिटांचे दोन संवाद करावे लागतात आणि प्रत्येक संवादाआधी प्रसंग आणि करायची कामे दिलेले कार्ड वाचून तयारी करायला सुमारे तीन मिनिटे मिळतात. समोरची व्यक्ती गुण देत नाही. ध्वनिमुद्रण ऐकून दुसरेच परीक्षक देतात. निकष नऊ आहेत. त्यांतले चार भाषेचे आणि पाच रुग्णाशी बोलण्याच्या कौशल्याचे: नाते जुळवणे, रुग्णाची बाजू समजून घेणे, बोलण्याला दिशा देणे, माहिती विचारणे आणि माहिती देणे. माझ्या उच्चारांबद्दल कोणी तक्रार केलेली नाही. कमी पडते ते रुग्णाची बाजू समजून घेण्यात, असा माझा अंदाज आहे.

आमच्या वॉर्डात दिवसभर मराठी, हिंदी आणि सीमेपलीकडच्या रुग्णांशी मोडकेतोडके कानडी चालते. इंग्रजी असते ती फाईलमध्ये आणि राऊंडला. त्यात रुग्णाच्या भोवती चार नातेवाईक उभे असतात, प्रश्न आजींना विचारला तरी उत्तर सून देते, आणि आपण “घाबरू नका आजी, काही होत नाही” म्हणून पुढच्या बेडकडे जातो. आपल्या माणसांना त्या वाक्याने खरोखर धीर येतो, हे मी रोज पाहते. पण परीक्षेतला रुग्ण जेव्हा म्हणतो, “मला हे इंजेक्शन नको, माझ्या बहिणीला त्याने त्रास झाला होता,” तेव्हा लगेच धीर दिला की त्याची काळजी तिथेच बंद होते. बहिणीला काय झाले होते, हे आधी विचारायला हवे, ऐकून घ्यायला हवे, त्याला काय ठाऊक आहे ते पाहायला हवे आणि मग थोडी थोडी माहिती देऊन ती समजली का, हे तपासायला हवे. हे मला कळते. घड्याळ चालू असताना, कार्डावरची सगळी कामे पूर्ण करायची असताना, ते तोंडात येत नाही.

त्यासाठी मी मोबाईलवर माझे संवाद ध्वनिमुद्रित करून ऐकते. एनएचएस या ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या संकेतस्थळावर आजार आणि उपचार सामान्य माणसाला समजतील अशा सोप्या इंग्रजीत दिलेले आहेत. ते मोठ्याने वाचून मग न पाहता समजावून सांगण्याचा सराव करते आणि तो मला उपयोगी वाटतो. परंतु त्यात समोरून नकार देणारा, मध्येच प्रश्न विचारणारा माणूस नसतो. ज्यांनी घरच्या घरी तयारी केली त्यांनी हा भाग कसा भरून काढला? नर्सिंग न केलेल्या व्यक्तीला रुग्ण करून सराव केला तर चालतो का, की उलट तेच जास्त खरे ठरते?

आणखी एक शंका, नियमाची. कौन्सिल दोन वेळच्या परीक्षांचे निकाल एकत्र धरते. दोन्ही वेळा चारही विभाग द्यावे लागतात, दोन्ही परीक्षा १२ महिन्यांच्या आत व्हाव्या लागतात, आणि कोणत्याही वेळी कोणताही विभाग ठरलेल्या किमान पातळीच्या खाली जाऊन चालत नाही. म्हणजे लेखन आणि संभाषणावर सगळा वेळ घालवताना वाचन ढासळू देता येणार नाही. विशेषतः १५ मिनिटांत चार उताऱ्यांवरचे २० प्रश्न सोडवण्याचा पहिला भाग सराव सुटला की मंदावतो. ज्यांनी असे दोन निकाल जोडून नोंदणी केली आहे त्यांनी दुसऱ्या वेळी चार विभागांत वेळ कसा वाटला, ते लिहावे.

सराव-जोडीदार मिळाला तर मला हवा आहे. सकाळपाळी असते त्या आठवड्यात संध्याकाळी सात ते आठ आणि रविवारी दुपारी मी फोनवर वेळ देऊ शकते. एक संवाद तुमचा, एक माझा. आणि दर आठवड्याला एकाच नोंदींवर दोघींनी किंवा दोघांनी पत्र लिहून अदलाबदल करायची, अशी माझी कल्पना आहे. वर दिलेल्या आजींच्या नोंदी पहिल्या पत्रासाठी वापरता येतील. ज्यांची तयारी असेल त्यांनी इथेच लिहावे; पाळ्या जुळतात का, ते पाहून दिवस ठरवू.