इथिडियम ब्रोमाइडचं पाणी आणि ई. कोलायच्या प्लेटा: टाकायचं कसं?

जेलवाला: कॉलेजची बायोटेक लॅब. महिन्याला इथिडियम ब्रोमाइडचं (जेलमध्ये डीएनए दिसावा म्हणून घालतो तो रंग) साधारण ३ लिटर पाणी साचतं (०.५ मायक्रोग्रॅम प्रति मिली), शिवाय जेल आणि प्लाझमिडवाल्या (डीएनएचं छोटं वर्तुळ घातलेल्या) ई. कोलाय जिवाणूंच्या प्लेटा, ब्रॉथ (जिवाणू वाढवलेलं द्रव). सध्या पाण्यात ब्लीच घालून सिंकमध्ये ओततो. प्लेटा १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करून कचऱ्यात. चालेल ना?

बफरबाबा: दोन्ही नाही. ब्लीचने रंग उडतो, यूव्हीखालची नारिंगी चमकही जाते, म्हणून काम झाल्यासारखं वाटतं. पण त्यातून होणारी संयुगंही म्युटाजेनिक (डीएनएत बदल घडवणारी) असू शकतात.

कोळसा वापरा. दर १०० मिलीला १०० मिग्रॅ सक्रिय कोळशाची पूड, म्हणजे तुमच्या ३ लिटरला ३ ग्रॅम. तासभर ठेवा, अधूनमधून हलवा, व्हॉटमन नं. १ मधून गाळा. गाळलेलं पाणी यूव्हीखाली बघा, फेसशील्ड लावून. नुसत्या पाण्यातली चमक फिकी असते, त्यामुळे थोड्या नमुन्यात डीएनए टाकून पाहिलंत तर राहिलेलं इथिडियम उठून दिसतं. दिसलं तर पुन्हा कोळसा.

कोळसा, गाळणकागद, जेल, हातमोजे दुहेरी पिशवीत, लेबलसकट, घातक कचऱ्यात. १० मिग्रॅ/मिलीचा स्टॉक (मूळ दाट द्रावण) तसाच बाटलीसकट द्या, त्यावर प्रयोग नकोत. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची सामायिक प्रक्रिया केंद्रं आहेत. साठवण ९० दिवसांच्या आत, मॅनिफेस्ट (कचरा पाठवतानाचा नोंदपत्रक) फॉर्म १०.

स्पोरस्ट्रिप: आता प्लेटा. १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ मिनिटं हे जिवाणू वाढवायच्या ताज्या माध्यमासाठी. गच्च भरलेल्या पिशवीच्या मध्यभागी हवा अडकते, वाफ पोचत नाही आणि आत जिवंत वसाहती उरतात. पिशवी दोन तृतीयांशच भरा, तोंड सैल ठेवा, आत कपभर पाणी ओता, निदान ६० मिनिटं द्या. ब्रॉथच्या बाटल्यांची झाकणं अर्धवट फिरवलेली. ऑटोक्लेव्ह टेप काळी पडली म्हणजे बाहेरचं तापमान चढलं, इतकंच. खात्रीसाठी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसची (उष्णतेला चिवट बीजाणूंची) पट्टी पिशवीच्या पोटात ठेवून मग उबवा; काही वाढलं नाही तरच निर्जंतुक.

त्यानंतरही हा कचरा नगरपालिकेच्या डब्यात नाही. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत बायोटेक लॅबचा असा कचरा पिवळ्या गटात येतो: आधी जागेवरच निर्जंतुक, मग जैववैद्यकीय कचऱ्याच्या सामायिक केंद्राकडे. ४८ तासांपेक्षा जास्त साठवू नका.

जेलवाला: ब्रॉथमध्ये ब्लीच घालून मग ऑटोक्लेव्ह केला तर डबल खात्री?

स्पोरस्ट्रिप: अजिबात नको, क्लोरीन सुटतो आणि ऑटोक्लेव्हचं स्टील खातो. एकच मार्ग निवडा.

बफरबाबा: प्लाझमिड किटच्या बफरांत ग्वानिडिनचे क्षार असतात, त्यातही ब्लीच पडला तर विषारी वायू. ती बाटली वेगळी, ब्लीचच्या शेल्फपासून लांब. आणि जेल ओतताना इथिडियम मायक्रोवेव्हनंतर, अ‍ॅगरोज (जेलचा पदार्थ) ६० अंशांजवळ आल्यावरच घाला. उकळत्या अ‍ॅगरोजमध्ये टाकलं की वाफेबरोबर तोंडापर्यंत येतं.

स्पोरस्ट्रिप: तुमच्या संस्थेत आयबीएससी (संस्थेची जैवसुरक्षा समिती) आहे का? १९८९च्या नियमांनुसार रिकॉम्बिनंट (डीएनए जोडून बदललेल्या जिवाणूंचं) काम तिच्या नजरेखालीच चालायचं. निर्जंतुकीकरणाची नोंदवही तिथेही दाखवावी लागते.