विकलेलं चित्र पाठवताना जीव अडकतो, त्यात गैर काय?

टिळकवाडीचा चित्रकार:
कणकुंबीच्या मलप्रभा नदीचं माझं तैलचित्र पुण्याच्या एका बाईंनी घेतलं. पैसे जमा झाले. चित्र अजून भिंतीला टेकून उभं आहे. काल पॅक करायला घेतलं आणि उजव्या कोपऱ्यातल्या ओल्या दगडावर नजर खिळली. तो करडा-हिरवा रंग कितीदा चाकूनं खरवडून पुन्हा लावला, ते मलाच ठाऊक. मित्र म्हणतो, पैसे घेतलेस तेव्हाच ते तुझं राहिलं नाही. मला हे मुळीच पटत नाही. चित्र कुठं लागलं, कसं आहे, हे विचारायचा हक्क चित्रकाराला विक्रीनंतरही असतो. तुमचं काय मत?

शहापूरचा फ्रेमवाला:
मत उलट आहे, राग मानू नका. तुमच्या या मायेचा त्रास चित्रालाच होतो. आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला सांगायला नको. "पाठवतो, पाठवतो" म्हणत ठेवलेल्या जलरंगांवर बुरशी आलेली बघितलीय मी, कागद काचेला चिकटलेला बघितलाय. जीव एवढा गुंतला असेल तर विकायलाच काढायचं नाही.
आणि बबल रॅप थेट रंगावर नको हं. उन्हात गाडी तापली की फुगे रंगावर उमटतात. आधी ग्लासाइन म्हणजे गुळगुळीत, न चिकटणारा कागद, कोपऱ्यांना जाड पुठ्ठा, मग बबल रॅप, वरून प्लायवूडची पेटी. रंग आतून वाळलाय का, तेवढं आधी बघा.

खानापूरची वकील:
दादा, हक्क म्हणताय तर कायदा काय म्हणतो तेही बघूया. कॉपीराइट कायदा 1957, कलम 57: चित्र विकलं तरी त्यावर तुमचं नाव राहतं, आणि कुणी त्याची मोडतोड करून तुमच्या लौकिकाला धक्का लावला तर तुम्ही दाद मागू शकता. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारनं 1979 मध्ये उतरवलं. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं उरलेले भाग त्यांना परत द्यायला लावले, शिवाय 5 लाख भरपाई. पण त्याच कलमात हेही आहे, की चित्र लावलंच नाही किंवा तुमच्या मनासारखं लावलं नाही, तर तो हक्कभंग नव्हे. म्हणजे "कुठं लावलं" याचं उत्तर बाईंनी दिलंच पाहिजे असं नाही.

निपाणीकर:
बरं झालं सांगितलंत! मी एक चित्र घेतलं होतं. चित्रकाराचे सारखे फोन. सोफ्यामागं नको, तिकडं ऊन येतं, देवघराजवळ नको, धूर लागतो. शेवटी माझ्याच घरात भाडेकरू असल्यासारखं वाटायला लागलं. साठवलेल्या पैशातून घेतलं होतं वो! आम्हालाही त्या चित्रावर जीव लावू द्या की.

टिळकवाडीचा चित्रकार:
निपाणीकर, असे फोन मीही करणार नाही. वकीलबाई, कायद्याचं कळलं. पण मी कोर्टातला हक्क मागतच नाहीये. चित्र कुणाकडं आहे एवढं कळावं, बस्स. आपलं बेळगाव म्हणजे चित्रकार के. बी. कुलकर्णी सरांचं गाव. चित्रकार रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. आपल्या गावात रंगवलेली चित्रं कुठकुठं गेली याची वही आपल्यापैकी कोण ठेवतंय? उद्या एखाद्याचं सगळं काम एकत्र मांडायचं म्हटलं तर शोधणार कुठं?

शहापूरचा फ्रेमवाला:
वहीचं पटलं. त्याला चित्र अडवून ठेवायची काय गरज? फोटो काढा, माप आणि पत्ता लिहा, पाठवून द्या.

निपाणीकर:
वहीत माझं नाव घाला, हरकत नाही. पण मी चित्र पुढं कुणाला दिलं तर तेही कळवायचं का? तिथं माझा विरोध आहे.

टिळकवाडीचा चित्रकार:
कळवावं, असं माझं मत आहे. सक्ती नाही, पण कळवावं. पेटी उद्या शहापुरात करायला टाकतो.