मदत हवी आहे: गृहकर्ज, भाड्याचं घर आणि जुनी की नवी करप्रणाली?

नमस्कार मंडळी,

२०२५-२६ चं आयकर रिटर्न भरायचंय. ऑफिसने नव्या प्रणालीप्रमाणे टीडीएस (पगारातून आधीच कापायचा कर) कापलाय, पण पगारदारांना रिटर्न भरताना प्रणाली बदलता येते. मात्र मुदत उलटली की जुनी मिळत नाही, म्हणून जरा घाई आहे.

पगार १८ लाख. बेसिक ७ लाख २० हजार, एचआरए (घरभाडे भत्ता) २ लाख ८८ हजार. कोथरूडला महिना २५ हजार भाडं भरते. तळेगावचा फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर, तो महिना १५ हजार भाड्याने दिलाय. कर्जाचं वर्षाचं व्याज ३ लाख ६० हजार.

नव्या प्रणालीत ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांची ठरावीक वजावट) जाऊन सेससकट कर येतो १,५०,८००. जुन्यात एचआरएचे २,२८,०००, स्टँडर्ड ५० हजार, ८०सीचे (पीएफ, विमा वगैरे बचतीची वजावट) दीड लाख, माझ्या व आईबाबांच्या मेडिक्लेमचे ७५ हजार आणि फ्लॅटच्या तोट्याचे २ लाख वजा केले, तर १,४७,२६४. घरपट्टी, प्रोफेशनल टॅक्स धरलेला नाही. म्हणजे एवढी कागदपत्रं जमवून फरक साडेतीन हजारांचा!

फ्लॅटचा हिशेब असा: भाडं १ लाख ८०, त्यातून ३० टक्के वजा, उरले १ लाख २६. व्याज काढलं की तोटा २ लाख ३४ हजार. जुन्यात २ लाख पगारातून वळते होतात, उरलेले ३४ हजार आठ वर्षं पुढे ओढता येतात. नव्यात भाड्यावर कर लागत नाही, पण तोटा तिथेच बुडतो.

दिवाळीत आम्ही तळेगावला राहायला जायचं म्हणतोय. स्वतः राहिलं की नव्या प्रणालीत व्याजाचा रुपयाही धरत नाहीत. हप्ता तोच, कर्ज तेच. भाडेकरू ठेवला तर सूट आणि स्वतःच्या घरात राहिलं तर काही नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. आम्ही हप्ता ठरवला तेव्हा जुन्या प्रणालीतली २ लाखांची सूट धरूनच ठरवला होता.

जाणकारांनी कृपया सांगा:

ऑफिसला भाडेपावत्या दिल्या नव्हत्या, तरी एचआरए थेट रिटर्नमध्ये मागता येईल ना? करारनामा, बँकेतून दिलेलं भाडं, घरमालकांचा पॅन, सगळं आहे. फॉर्म १६ शी (ऑफिसने दिलेला पगार-कराचा दाखला) आकडा जुळला नाही म्हणून नोटीस आलेली कोणी आहे का?

यंदा जुनी घेऊन ३४ हजार पुढे ओढले आणि पुढच्या वर्षी नवी घेतली, तर ते बुडतात का?

आणि मुख्य म्हणजे, अर्धं वर्ष भाड्याने आणि अर्धं वर्ष स्वतः राहिलो, तर २०२६-२७ ला, म्हणजे नव्या आयकर कायद्याच्या पहिल्या वर्षात, व्याज कसं धरायचं? त्यावरच दिवाळीत जायचं की मार्चअखेरपर्यंत भाडेकरू ठेवायचा हे ठरेल.