शिकवण खरी की खोटी, हे विश्वासणाऱ्याने कसे पारखावे?

प्रश्न – मलप्रभाकाठ, खानापूर तालुका

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आमच्या गावात मराठी ख्रिस्ती घरे थोडी आहेत. रविवारची उपासना तालुक्याच्या ठिकाणी होते आणि आठवड्यात घरोघरी प्रार्थनासभा भरतात. अलीकडे या सभांना एक फिरते प्रचारक येऊ लागले आहेत. ते कन्नडमध्ये बोलतात आणि त्यांच्याबरोबरचा तरुण ते मराठीत सांगतो. त्यांच्या बोलण्यात तळमळ आहे, हे मी नाकारत नाही. परंतु कर्जात बुडालेल्या माणसाने आधी देवाच्या सेवकाला 'बियाणे' म्हणून मोठी रक्कम द्यावी, म्हणजे वर्षाच्या आत कर्ज फिटेल, असे ते ठामपणे सांगतात आणि त्यासाठी यिर्मया २९:११ (तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत) व मलाखी ३:१० (सारा दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, भांडारात आणा, मग मी भरपूर आशीर्वाद देईन) ही बायबलमधील वचने पुन्हा पुन्हा पुढे करतात. कोणी शंका विचारली, तर 'देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नका' असे उत्तर मिळते. अडचण अशी, की एका घराविषयी त्यांनी सांगितलेली गोष्ट खरोखर तशीच घडली, आणि तेव्हापासून माझ्या आईचा त्यांच्यावर पूर्ण भरवसा बसला आहे. सांगितलेले घडले, तर शिकवण खोटी कशी म्हणावी? आणि अशी पारख करणे म्हणजे दुसऱ्याचे दोष काढणे होत नाही का?

उत्तर – निवृत्त संडे स्कूल शिक्षक, बेळगाव कॅम्प

सलाम, भाऊ. सांगितलेले घडले तर काय, हा तुमचा प्रश्न मोशेच्या काळापासूनचा आहे आणि त्याचे उत्तर बायबलमधील 'अनुवाद' या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायाच्या आरंभीच दिलेले आहे. एखाद्या संदेष्ट्याने चिन्ह सांगितले आणि ते घडलेही, पण तो लोकांना परमेश्वरापासून दूर नेत असेल, तर त्याचे ऐकू नये, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. सांगितलेले घडले नाही तर तो संदेश परमेश्वराचा नव्हे, हे अनुवाद १८:२२ सांगते. पण ते घडले म्हणजे तो परमेश्वराचाच, असे शास्त्र कोठेही म्हणत नाही. हा फरक आपल्या सभांमध्ये फार कमी वेळा शिकवला जातो, याचे मला मनापासून दुःख वाटते.

अभिषिक्तांविषयीचे, म्हणजे देवाने निवडलेल्यांविषयीचे, वचन स्तोत्र १०५ मधील आहे. अब्राहाम, इसहाक व याकोब परक्या देशांत उपऱ्यांसारखे फिरत असता तेथल्या राजांनी त्यांना इजा करू नये, म्हणून देवाने त्या राजांना बजावले, असा तेथील संदर्भ आहे. प्रचारकाला प्रश्न विचारू नये, असा त्याचा अर्थ होत नाही. बिरुया नगरातील लोक खुद्द प्रेषित पौलाचे बोलणे रोज शास्त्रात पडताळून पाहत होते आणि प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये त्यांची त्यासाठी प्रशंसाच केली आहे. अंत्युखियात पेत्र चुकला, तेव्हा पौलाने त्याला तोंडावर विरोध केला (गलती २:११). प्रेषितांची शिकवण व वागणूक पारखली जाऊ शकते, तर आपल्याकडच्या सभेत येणाऱ्याची का नाही? 'दोष काढू नका' म्हणणाऱ्या मत्तय ७ व्या अध्यायातच पुढे खोट्या संदेष्ट्यांविषयी सावध राहून त्यांना फळांवरून ओळखायला सांगितले आहे. म्हणजे माणसाचा निवाडा आपण करायचा नाही. त्याच्या शिकवणीची पारख मात्र करायची.

आता त्या दोन वचनांकडे पाहू. यिर्मया २९ हे बाबेलात बंदिवासात नेलेल्या लोकांना लिहिलेले पत्र आहे. तेथे घरे बांधा, मळे लावा, त्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असे यिर्मया कळवतो आणि दहाव्या ओवीत सत्तर वर्षांनंतर परत आणण्याचे अभिवचन देतो. ते पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक वयस्कांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्याच पत्रात, लवकर सुटका होईल असे सांगणाऱ्या संदेष्ट्यांवर विश्वास ठेवू नका, अशी ताकीद आहे. ज्या अध्यायात झटपट सुटकेचे आश्वासन खोटे ठरवले आहे, त्यातलेच एक वचन उचलून वर्षाच्या आत कर्ज फिटेल असे सांगणे मला गंभीर वाटते. मलाखीतील भांडार मंदिराचे आहे. तेथे धान्य जमे आणि त्यावर मंदिरात सेवा करणाऱ्या लेव्यांचा निर्वाह चाले. ते येईनासे झाले तेव्हा लेवी सेवा सोडून आपापल्या शेतांकडे गेले, हे नहेम्या १३:१० मध्ये वाचता येते. दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश लेव्यांबरोबर उपरे, अनाथ व विधवा यांच्यासाठी होता (अनुवाद १४:२८-२९). कर्जबाजारी माणसाकडून एका व्यक्तीच्या हाती रक्कम घेण्याला त्यात कोठेही आधार नाही.

उत्तर – एक कॅथलिक वाचक, नंदगड

वरील शिक्षकांचे म्हणणे मला मान्य आहे. एक गोष्ट मात्र जोडावीशी वाटते. केवळ वचनाला वचन लावून वाद मिटत नाही. चौथ्या शतकात आरियसही शास्त्रातीलच वचने दाखवत होता आणि पुत्र, म्हणजे ख्रिस्त, हा निर्माण केलेला आहे, असे शिकवत होता. इ. स. ३२५ मध्ये निकेया येथे जमलेल्या बिशपांनी पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, असे ठरवले आणि आज मिस्सेत, म्हणजे आमच्या उपासनेत, आपण जो विश्वास उच्चारतो त्याचा पाया तेथे घातला गेला. १ योहान ४:२-३ मध्येही हीच मुख्य कसोटी आहे: येशू ख्रिस्त देहधारी होऊन आला, हे ती शिकवण कबूल करते का? म्हणून एखादी नवी शिकवण कानावर आली, की प्रेषितांच्या मतांगिकारातील, म्हणजे विश्वासाच्या जुन्या कबुलीतील, एकेक वाक्य तिच्यासमोर ठेवून पाहावे. पैशाविषयी तर आरंभीच्या मंडळीतील 'डिडाखे' या छोट्या ग्रंथात, आत्म्याच्या नावाने स्वतःसाठी पैसे मागणाऱ्याचे ऐकू नये, असे सरळ लिहिले आहे.

उत्तर – निवृत्त संडे स्कूल शिक्षक, बेळगाव कॅम्प

मतांगिकाराचे म्हणणे योग्य आहे. आमच्या परंपरेत आम्ही त्या मतांगिकारांचाही अधिकार शास्त्राखालीच मानतो. पण त्यांच्या आधाराने अनेक वावटळी ओसरल्या, हे इतिहास सांगतो. यात एक सावधगिरी हवी. बालकांचा बाप्तिस्मा, आत्म्याच्या प्रेरणेने अन्य भाषांत बोलणे, उपासनेची पद्धत यांवर प्रामाणिक विश्वासणाऱ्यांमध्ये मतभेद आहेत. टाळ्या वाजवून गाणाऱ्या प्रत्येक सभेला खोटी ठरवणे हाही अन्यायच आहे. ख्रिस्त कोण आहे, तारण कृपेने आहे की रक्कम भरून, आणि ख्रिस्ताच्या पुन्हा येण्याचा दिवस कोणालाच ठाऊक नाही हे मान्य आहे की नाही (मार्क १३:३२), अशा मुद्द्यांवर आपण ठाम राहावे. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या शिकवणीवरून ख्रिस्त येईल म्हणून २२ ऑक्टोबर १८४४ या दिवसाची हजारोंनी वाट पाहिली आणि त्यांच्या पदरी घोर निराशा आली.

उत्तर – निपाणीची एक वाचक

भाऊ, आमच्या गल्लीत अशाच एका शिकवणीमुळे एका वयस्क मावशींनी साखरेच्या आजाराच्या (मधुमेहाच्या) गोळ्या बंद केल्या आणि त्यांना दवाखान्यात भरती करावे लागले. विश्वास कमी पडला म्हणून आजार गेला नाही, असे त्यांना वर ऐकवण्यात आले. हे ऐकून मला फार संताप आला. पौलाच्या सोबत्यांचेच पाहा: त्याने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून तो पुढे गेला, एपफ्रदीत मरणाला टेकला होता आणि लूक तर वैद्यच होता. यांपैकी कोणाचा विश्वास कमी होता, असे पौल म्हणत नाही. माझी कसोटी साधी आहे: शिकवणारा औषध थांबवायला सांगतो का, पैशांचा हिशेब मंडळीपुढे मांडतो का, आणि त्याला समजावू शकेल असे कोणी वडीलधारे त्याच्यावर आहे का.

मलप्रभाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. औषधांचा विषय आमच्याकडे अजून निघालेला नाही; हिशेब मात्र कोणीही विचारलेला नाही. आता आईशी कसे बोलावे, हा माझा प्रश्न उरतो. प्रचारकांविरुद्ध शब्द काढला, की त्या उठून जातात.

उत्तर – निवृत्त संडे स्कूल शिक्षक, बेळगाव कॅम्प

प्रचारकांचे नाव काढूच नका. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत यिर्मया २९ पहिल्या ओवीपासून आईंनाच वाचायला सांगा आणि हे पत्र कोणाला, कोठे व कशासाठी लिहिले, एवढेच विचारा. दुसऱ्या दिवशी २८ वा अध्याय वाचा. दोन वर्षांत सर्व परत येईल असे सांगणाऱ्या हनन्याची हकिकत त्यात आहे. त्यांना स्वतःला प्रश्न पडू द्या. हिशेबाचा विषय मात्र तुम्ही एकट्याने काढू नका. आपल्या पाळकांना आणि ज्या घरांत सभा होतात तेथील एक-दोन वडीलधाऱ्यांना बरोबर घ्या, प्रचारकांना आदराने बसवा आणि ही दोन वचने संपूर्ण अध्यायासह समजावून सांगण्याची विनंती करा. ते शिकायला तयार असतील, तर तुम्हाला एक भाऊ मिळेल. ते रागावून निघून गेले, तरी त्या बैठकीत बसलेल्यांनी दोन्ही अध्याय पूर्ण वाचलेले असतील.