आठ दिवस आवाज बसला होता तेव्हाची गोष्ट (आणि तुमच्याही सांगा)

अक्षरवेल:
आज दाताच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसले होते. समोर चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी आणि तिची आई. काउंटरवरच्या बाईंनी मुलीकडे बघून विचारलं, "नाव काय गं तुझं?" मुलीने तोंड उघडेपर्यंत आईने नाव सांगून टाकलं. "कुठला दात दुखतोय?" तेही आईनेच सांगितलं. "कधीपासून?" या तिसऱ्या प्रश्नाला तर मुलीने मान वरच केली नाही, ती मोबाईलमध्ये बघत बसली.

मला एकदम कसंसंच झालं. पाच वर्षांपूर्वी मी अगदी अशीच वागत होते.

लेक तेव्हा चौदाचा. फोन वाजला की खोलीतून नाहीसा व्हायचा. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर नाही. पाहुणे आले की आंघोळीला पळायचा. मी काय करायचे, तर त्याच्या वतीने बोलायचे. दुकानात, दवाखान्यात, शाळेत, सगळीकडे. त्याचा त्रास वाचवतेय असं मला मनापासून वाटायचं.

मग माझा आवाज बसला. आठ दिवस एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. नवरा बाहेरगावी. दुसऱ्याच दिवशी नळ तुटला. मी कागदावर लिहून दाखवलं, प्लंबरला फोन कर. पोरगं पांढरंफटक पडलं. पंधरा मिनिटं फोनभोवती घिरट्या घातल्या. शेवटी वहीचं पान फाडून त्यावर लिहून काढलं: "नमस्कार. आमचा नळ तुटलाय. पाणी वाहतंय. आज येऊ शकाल का? धन्यवाद." धन्यवादसुद्धा लिहिलं होतं! आणि ते पान वाचून दाखवल्यासारखा बोलला. पलीकडून पत्ता विचारला. तो काही कागदावर नव्हता. क्षणभर थांबला, आणि सांगितला.

आठ दिवसांत अकरा फोन केले त्याने. शेवटच्या तीन-चार फोनांना हातात कागद नव्हता.

आवाज परत आल्यावर खरी कसोटी माझी होती. कुणी त्याला काही विचारलं की माझ्या जिभेवर उत्तर तयार असायचं. मनात दहा आकडे मोजायचे मी. बहुतेक वेळा सहा-सातला तो बोलायचा.

तुमच्या घरात, वर्गात किंवा तुम्ही स्वतः त्या वयात असताना काय झालं, कशाने जमलं, कशाने बिघडलं, ते लिहा. सल्लेही चालतील, पण आधी गोष्ट सांगा.

मोगरा:
वाचतेय. दहा आकडे मोजायचं लिहून ठेवलं.

खिडकी:
मी तेरा वर्षांची असताना स्टेजवर गेले आणि पहिल्या ओळीनंतर सगळं कोरं. खाली उतरले ती थेट घरी. पुढे दोन वर्षं मला वाटायचं की कॉरिडॉरमधून जाताना सगळी शाळा तेच आठवतेय. खूप नंतर अभ्यासक्रमात वाचलं की याला नावच आहे. डेव्हिड एल्किंड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये 'काल्पनिक प्रेक्षक' असा शब्द वापरला होता. या वयात मुलांना सतत वाटतं की आपल्यावर सगळ्यांची नजर आहे. कॉर्नेल विद्यापीठातला एक प्रयोगही आहे, २००० साली प्रसिद्ध झालेला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टीशर्ट घालून खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं जवळपास निम्म्या लोकांनी टीशर्टवरचं चित्र ओळखलं असेल. प्रत्यक्षात ओळखलं होतं साधारण पाव लोकांनी.

हे मी भाचीला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे पाव लोकांना दिसतंच ना!" तेही खरंच. मग आम्ही दोघींनी ठरवलं की पाव लोकांना दिसलं तर दिसू दे. हा हिशोब तिला जास्त पटला.

थांबा, मांजर खिडकीतून बाहेर गेलंय. येते.

पायवाट:
माझी मुलगी १३ वर्षांची. शाळेतून आली की दार बंद. "कसा होता दिवस" तर "ठीक". एवढंच. तिची आई विचारते, मी विचारतो, तेच उत्तर. काय करावं कळत नाही. सगळं वाचतोय.

शांतरंग:
पायवाटदादा, गाडीत विचारून बघा. खरं तर विचारूही नका, नुसतं सोबत जा. समोरासमोर बसलं की मुलांना उलटतपासणी वाटते. शेजारी बसून दोघांची नजर रस्त्यावर असली की बोलणं सुटतं. माझ्या मुलाने आजवर जे काही महत्त्वाचं सांगितलंय ते सगळं गाडीत नाहीतर भांडी पुसताना. आणि त्याने सांगितलं की लगेच उपाय काढू नका. मी पहिल्या वाक्यातच उपाय काढायचो, म्हणून तो दुसरं वाक्य बोलायचाच नाही.

उंबरा:
शाळेत समुपदेशक आहे, बारा वर्षं झाली. अक्षरवेलताई, तुमच्या लेकाने कागद लिहिला तिथेच अर्धं काम झालं होतं. आम्ही हेच पायऱ्या पाडून करतो.

एक मुलगी होती (ओळख पटेल असं सगळं वगळलंय). वर्गासमोर बोलायची वेळ आली की तिला उलटी व्हायची. आम्ही दोघींनी बसून तिला भीती वाटणाऱ्या गोष्टींना शून्य ते दहा असे गुण दिले. शेजारच्या बाकावरच्या मुलीला वेळ विचारणं, दोन. तास संपल्यावर शिक्षकांना शंका विचारणं, चार. गटात दोन ओळी वाचणं, सहा. वर्गासमोर तीन मिनिटं बोलणं, दहा. मग दोनपासून सुरुवात. एक पायरी कंटाळा येईपर्यंत करायची, मगच पुढची. पायरी एवढी लहान हवी की मुलाने म्हणावं, "हे तर काहीच नाही."

आणि भीती वाटत असताना तिथून पळायचं नाही, ती थोडी ओसरेपर्यंत थांबायचं. पळालं की सुटल्यासारखं वाटतं, आणि मन तेवढंच शिकतं की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती मोठी होऊन येते.

इथे माझी चूक सांगते. शाळेत स्पर्धा जवळ आली म्हणून मी तिला चारवरून थेट आठवर नेलं. ती कोसळली. मग परत दोनपासून सुरू करावं लागलं, तीन आठवडे गेले. तिने मला माफ केलं. त्या स्पर्धेला ती गेली नाही. पुढच्या वर्षी मात्र स्वतःहून नाव दिलं.

अजून एक, मुलं नेहमी विचारतात की घोळक्यात शिरायचं कसं. आधी जवळ उभं राहून ऐकायचं, विषय काय चाललाय ते बघायचं. बोलण्यात जरा खंड पडला की त्याच विषयावर छोटंसं काहीतरी बोलायचं, किंवा प्रश्न विचारायचा. नवा विषय काढायचा नाही. त्यांनी जागा करून दिली तर थांबायचं, पाठ फिरवली तर शांतपणे निघायचं आणि दुसरा घोळका बघायचा. मोठ्यांना हे आपोआप येतं असं वाटतं, पण बऱ्याच मुलांना कुणी शिकवलेलंच नसतं. आम्ही नाटक करून सराव करतो, पाठ फिरवण्याचाही.

मोगरा:
उंबराताई, पाठ फिरवण्याचा सराव ही कल्पना फार आवडली. माझ्या मुलाला तेच सोसत नाही. एकदा कुणी नाही म्हटलं की महिनाभर परत प्रयत्न नाही.

खिडकी:
मांजर सापडलं. शेजारच्यांच्या जिन्यात बसलं होतं.

शांतरंग:
बरं झालं! कुठलं, ते काळं-पांढरं?

खिडकी:
हो तेच. आता पलंगाखाली गेलंय, हाक मारली तरी येत नाही. मी पण नुसती शेजारी बसलेय, तुमचीच युक्ती :)

निळाई:
मी १६ वर्षांचा आहे, हे आईचं अकाउंट आहे, ती झोपलीये. मला पण लिहायचंय.

पाहुण्यांसमोर "हा जरा लाजाळू आहे" म्हणू नका प्लीज. मी दारात येईपर्यंत काहीतरी बोलायचं ठरवून आलेलो असतो. ते वाक्य ऐकलं की सगळं जातं. मग मी लाजाळूच वागतो कारण सगळे तेच बघत असतात.

दुसरं म्हणजे "टेन्शन घेऊ नकोस" याचा काही उपयोग होत नाही. मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मित्राचा. प्रॅक्टिकलच्या आधी तो एवढंच म्हणाला, "माझे पण हात थरथरतायत, बघ." आणि दाखवले. खरंच थरथरत होते. मग आम्ही दोघं आत गेलो.

बस एवढंच. काकू, तुमच्या मुलाचा कागद भारी होता.

उंबरा:
निळाईच्या लेका, तू एका परिच्छेदात जे सांगितलंस ते मी पालकसभेत वाचून दाखवणार आहे, तुझी परवानगी असेल तर. नाव कुठेच येणार नाही.

रातराणी:
मी नर्स आहे, रात्रपाळीच्या मधल्या वेळात लिहितेय. परीक्षेच्या दिवसांत मुलं छातीत धडधडतंय, हाताला मुंग्या येतायत म्हणून येतात. तपासणी आधी होतेच, ती टाळायची नसते. सगळं ठीक निघालं की मी शेजारी बसून श्वास मोजते. चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. बाहेर सोडणं लांब हवं, कारण श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात. "मोठा श्वास घे" म्हटलं की मुलं धपाधप आत ओढतात, त्याने मुंग्या वाढतात. म्हणून मी "हळू सोड" म्हणते. आणि शिकवायचं ते शांत असताना, रोज दोन मिनिटं. ऐन घाबरलेल्या क्षणी नवीन काही शिकता येत नाही.

घरी धाकट्या बहिणीवर अजून एक केलं. परीक्षेच्या आधी दहा मिनिटं, मनात जी भीती आहे ती जशीच्या तशी कागदावर उतरवायची. यावर रामिरेझ आणि बाइलॉक यांचा अभ्यास २०११ मध्ये 'सायन्स' साप्ताहिकात आला होता, परीक्षेला फार घाबरणाऱ्या मुलांना त्याचा फायदा दिसला होता. बहीण आधी हसली, मग दोन पानं भरून लिहिलं. काय लिहिलं ते मी वाचलं नाही. पान तिनेच फाडून टाकलं.

बेल वाजली, जाते.

तळटीप:
झोपेचं कुणीच बोललं नाही? १३ ते १८ वयाला ८ ते १० तास लागतात. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिरा येते. तो आळस नव्हे. माझा मुलगा दिवसभर चिडायचा, आम्ही वर्षभर 'स्वभाव' म्हणत राहिलो. फोन रात्री बाहेरच्या खोलीत ठेवायला लागलो, आमचेही, तेव्हा तीन आठवड्यांत घरातला आवाज खाली आला.

मोगरा:
तळटीप, पण मग गजर कसा लावता? मुलगी म्हणते फोन गजरासाठी लागतो.

तळटीप:
गजराचं साधं घड्याळ आणलं. टिकटिक फार करतं म्हणून पहिले दोन दिवस उशीखाली होतं.

मोगरा:
आणते.

अक्षरवेल:
घड्याळाचं अवांतर चालू दे, पण निळाईच्या लेकाचा प्रतिसाद मी दोनदा वाचला.

वळणवाट:
जरा वेगळं लिहिते, जड आहे. माझी मुलगी पंधराची असताना आम्ही सगळं 'वय आहे, बुजरेपणा आहे' यात बसवत होतो. पण ती चित्रं काढायची थांबली, आवडती मैत्रीण आली तरी उठेना, खाणं तुटलं, आणि हे आठवड्यांमागून आठवडे चाललं. शेवटी उंबराताईंसारख्याच एका समुपदेशकांनी मला सांगितलं, थेट विचारा. मी विचारलं, "तुला जगू नये असं वाटतं का?" हात थरथरत होते माझे. ती रडली आणि हो म्हणाली. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे मला तेव्हा समजलं. त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. तिला उपचार लागले, बरेच महिने. तोवर घरातली औषधं कुलपात ठेवली आणि तिला रात्री एकटीला सोडलं नाही.

आज ती बरी आहे. बुजरी अजूनही आहे, आणि ते आम्हाला चालतं. पण बुजरेपणा वेगळा आणि हे वेगळं. ज्यांना शंका येतेय त्यांनी वाट बघू नका, इतकंच.

उंबरा:
वळणवाटताई, तुम्ही विचारलंत. तुमच्या लेकीला माझा आशीर्वाद.

खिडकी:
वळणवाटताई ❤️ मांजर मांडीवर आहे आणि मी रडतेय.

निळाई:
आता ही खरी निळाई. सकाळी उठून हे वाचलं. "लाजाळू आहे" मी गेल्या आठवड्यातच म्हणाले होते, त्याच्यासमोर, माझ्या बहिणीपुढे. उंबराताई, परवानगीचं त्यालाच विचारते. फोन ठेवतेय, तो उठलाय.

आडवाट:
मी आठवी-नववीला शिकवायचो, आता निवृत्त. बोलण्यातूनच आत्मविश्वास येतो असं मला बरीच वर्षं वाटायचं, म्हणून गप्प मुलांना उभं करून बोलायला लावायचो. आज त्याचं वाईट वाटतं. एका वर्षी नाटकात एक मुलगा कुठलीच भूमिका घेईना. प्रकाशयोजनेला ठेवला. महिनाभरात पडद्यामागे सगळे त्यालाच विचारायला लागले, कारण कुठला दिवा कधी लावायचा हे फक्त त्याला पाठ होतं. लोक कामासाठी त्याच्याकडे यायचे, त्यातून बोलणं सुरू झालं. मी त्याच्या बोलण्यासाठी काही केलंच नव्हतं, माझ्या हातून नुसती जागा मिळाली होती त्याला.

अक्षरवेल:
आडवाट सर, हे फार आवडलं. माझ्या लेकाचं पण तसंच, तो नळाचं काम बघत प्लंबरशेजारी तासभर बसला होता आणि प्रश्न विचारत होता. तेव्हा माझं लक्ष फोनकडेच होतं, हे आज आठवलं.

मोगरा:
घड्याळ आणलं. टिकटिक खरंच फार आहे.

पायवाट:
कालच्या सल्ल्याचं सांगतो. शाळेतून आणताना रेडिओ बंद ठेवला आणि काही विचारलं नाही. दहा-बारा मिनिटं दोघंही गप्प. मला वाटलं, नाही जमत हे. घराच्या वळणाला मी दिवा लावला, तशी ती म्हणाली, "बाबा, इथे वळू नका ना. जरा लांबून जाऊया."