'मला काय धाड भरलीये?' हे आईचं उत्तर खरं मानायचं का?

सांजवात: आई ७६ वर्षांची, साताऱ्याजवळ गावी दादा-वहिनीकडे असते. फोनवर तब्येत विचारली की ठरलेलं उत्तर, "मला काय धाड भरलीये?" दिवाळीला गेले तर कवळी सैल म्हणून डब्यात पडलेली, भाकरी चहात कुस्करून चाललेली. चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. तिला कुणी उपाशी ठेवत नाही, टाकून बोलत नाही. पण विचारतही नाही. माझ्या मते ही हेळसांडच, आणि 'बरी आहे' हे उत्तरही त्या हेळसांडीतूनच आलंय. अमर्त्य सेन यांनी २००२ साली हेच मांडलं होतं: केरळात आयुर्मान जास्त तरी आजाराच्या तक्रारी जास्त, बिहारमध्ये त्या कमी. उपचार मिळतो हेच ठाऊक नसेल, तर दुखणं नेहमीचं वाटायला लागतं.

परसबाग: हेळसांड म्हणणं सोपं आहे हो, दोन दिवस राहून. माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेत, तरी स्वतःला ठणठणीत म्हणतात आणि पहाटे अंगण झाडतात. म्हाताऱ्या माणसाचा शब्द इतका हलका धरू नका. आयडलर आणि बेन्यामिनी या संशोधकांनी १९९७ साली २७ अभ्यास एकत्र तपासले. माणूस स्वतःच्या तब्येतीबद्दल जे सांगतो, त्यावरून तो किती जगेल याचा अंदाज बांधता येतो, आजार हिशेबात धरूनही, असं बहुतेक अभ्यासांत दिसलं.

सांजवात: अभ्यासात निदान कुणी समोर बसून विचारतं. मोतीबिंदूचं शिबिर गावातच होतं. दादा म्हणाला, "तिनंच नको म्हटलं." आईला खोदून विचारलं तर म्हणाली, "गाडी काढायला लागली असती त्याला."

बांधावरचा: मग २००७ चा ज्येष्ठांचा कायदा आहे की. प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, अर्ज करायचा, महिना १०,००० पर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो.

परसबाग: कवळीसाठी आईनं पोराला प्रांताकडे खेचायचं? आणि त्या कायद्यात अपत्य म्हणजे मुलगीही येते बरं का, सांजवातताई. तुम्ही पुण्यात, चष्म्याची दांडी किती दिवस तुटलीय हे तुम्हाला तरी कुठं माहीत होतं?

सांजवात: लागलं, पण खरं आहे. उद्या आईला घेऊन येतेय, मंगळवारी कवळीचं माप. ती आत्ताच विचारतेय, नुसती वरचीच केली तर स्वस्तात होईल का?